एक्स-रेत काहीच नाही



या मालिकेत मी एरवी लढाया, तह आणि पलटणी यांविषयी बोलतो. आज विषय आहे मनगटाचा. नेमकं सांगायचं तर अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी जे हाड बोटाला टोचतं, त्याच्यावरून जाणाऱ्या दोन दोऱ्यांचा. "कर्नलसाहेब डॉक्टर कधीपासून झाले?" असं कोणी विचारेल. मी डॉक्टर नाही. मी सिग्नल्सचा माणूस आहे, आयुष्य तारा आणि लहरी यांच्यात गेलं. पण या दुखण्याचा इतिहास शोधताना मला माझ्याच खात्याच्या ओळखीच्या गोष्टी भेटत गेल्या. शिवाय या इतिहासात माझी एक जुनी चूक अडकलेली आहे. ती आधी सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मी कॅप्टन होतो आणि कंपनीचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे होता. डोंगराळ भाग, थंडी, आणि चौक्यांपर्यंत फील्ड केबल टाकण्याचं काम जोरात चाललेलं. माझ्या कंपनीत मराठवाड्यातला एक लाइनमन होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कामाला चांगला. त्याचं नाव सांगत नाही. लाइनमनचं काम म्हणजे केबलचा ड्रम खांद्यावर, हातात प्लायर, आणि दिवसभर तारा सोलणं, पिळणं, जोडणं. अंगठा दाबून धरायचा आणि मनगट फिरवायचं, हे दिवसातून शेकडो वेळा.

एक दिवस तो सिक रिपोर्टला गेला. उजवं मनगट दुखतं म्हणाला. गोळ्या मिळाल्या. आठ दिवसांनी परत गेला. मग पुन्हा. शेवटी त्याला खाली इस्पितळात पाठवलं, तिथे एक्स-रे निघाला. कागदावर एकच ओळ आली: हाडात काही दोष नाही. मी तो कागद वाचला आणि माझ्यापुरता निकाल लावला, हा काम टाळतोय. सकाळच्या फॉल-इनला सगळ्या कंपनीसमोर त्याला उभं केलं आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. एक्स-रे यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं काहीसं ते वाक्य होतं. तो सावधान स्थितीत उभा होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ड्रम उचलून कामावर गेला.

पुढे माझी बदली झाली आणि मी हे विसरलो.

धोबिणींचं दुखणं

आता इतिहासाकडे वळू. काम करणाऱ्याचा हात दुखतो, ही गोष्ट वैद्यकानं फार पूर्वी नोंदवली आहे. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य होता. कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली निघालं. वैद्यानं रोग्याला त्याचा धंदा विचारला पाहिजे, हा त्याचा आग्रह. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यानं लेखनिकांच्या, म्हणजे आपल्या भाषेत कारकुनांच्या, हाताच्या थकव्याविषयी लिहिलं. दिवसभर लेखणी धरणाऱ्याचा हात कसा निकामी होत जातो, हे त्यानं पाहिलं होतं.

दोनशे वर्षांनी लेखणीच्या जागी तारायंत्राची कळ आली. तारबाबूंचे हात आखडू लागले. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंच्या या दुखण्याला कामामुळे होणाऱ्या, नुकसानभरपाईला पात्र आजारांच्या यादीत जागा मिळाली. हे वाचलं तेव्हा मी मान खाली घातली. मी जन्मायच्या पन्नास वर्षं आधी माझ्याच धंद्यातल्या माणसांचं हाताचं दुखणं कायद्यानं खरं मानलं होतं, आणि मी १९८८ मध्ये एका लाइनमनला खोटारडा ठरवत होतो.

आपल्या दोन दोऱ्यांच्या दुखण्याला मात्र बायकांच्या कामाचं नाव होतं. 'ग्रेज अ‍ॅनाटमी' या प्रसिद्ध ग्रंथाच्या १८९३ च्या आवृत्तीत त्याला धोबिणींचा मुरगळा अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे. ओले जड कपडे पिळणाऱ्या बाईची पकड डोळ्यांसमोर आणा: अंगठा घट्ट, मनगट वाकडं, वर जोर. प्लायरनं तार पिळणाऱ्या लाइनमनची पकड याहून फार वेगळी नाही.

१८९५ साली फ्रिट्झ द कर्वेन या तरुण स्विस शल्यवैद्यानं पाच रुग्णांची हकीकत छापली. तो बर्नला थिओडोर कोखर यांच्या हाताखाली शिकलेला. कोखर म्हणजे पुढे १९०९ चं नोबेल मिळालेले शल्यवैद्य. दुखण्याची नेमकी जागा कोणती आणि ते कशामुळे होतं, हे द कर्वेननं नीट मांडलं, म्हणून आजही त्याला द कर्वेनचा आजार म्हणतात.

रचना समजून घ्या, ती सोपी आहे. स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीनं बांधलेला असतो तिला टेंडन म्हणतात, आपल्याकडे कंडरा. मनगटाच्या पाठीवरून अशा बऱ्याच कंडरा बोटांकडे जातात. त्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून वरून एक पट्टा असतो आणि त्याखाली सहा बोगदे असतात. अंगठ्याच्या बाजूच्या पहिल्या बोगद्यातून दोन कंडरा जातात, दोन्ही अंगठा बाहेर उघडणाऱ्या. कंडरेभोवती पातळ आवरण असतं आणि त्यात वंगणासारखा थोडा द्रव. म्यान आणि तलवार समजा. लॅटिन वैद्यकीय नावातही म्यान याच अर्थाचा शब्द आहे. म्यान जाड झालं, तोंड अरुंद झालं, की तलवार अडकते. प्रत्येक वेळी ओढताना घासते आणि दुखते.

या दुखण्याला आपण सवयीनं सूज म्हणतो. पण जुनाट दुखण्यातला पट्टा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जळजळीच्या पेशींपेक्षा झीज आणि जाड झालेले तंतूच जास्त दिसतात. म्हणूनच निव्वळ सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी सगळ्यांचं काम भागत नाही.

एकाच वर्षी दोन शोध

इथे इतिहासानं एक विचित्र योग घडवला. द कर्वेनचा लेख १८९५ चा. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत व्ह्यूर्ट्सबुर्ग इथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं, त्यावर अंगठी, आणि मनगटाकडचा थोडा भाग. जगानं पहिल्यांदा जिवंत माणसाच्या आतलं पाहिलं, आणि पाहिला तो हातच.

पण त्या चित्रात कंडरा नव्हत्या. क्ष-किरणांना हाड अडवतं, मऊ भाग फारसा अडवत नाही. म्हणजे ज्या वर्षी या आजाराला ओळख मिळाली, त्याच वर्षी असं यंत्र जन्माला आलं की ज्याला हा आजार दिसत नाही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं रुग्ण हात धरून यायचा, एक्स-रे निघायचा आणि उत्तर मिळायचं, काहीच नाही. एक्स-रे निरुपयोगी होता असं मी म्हणत नाही. हाड मोडलेलं नाही, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला नाही, हे तो सांगतो. 'हाडात काही नाही' हे त्याचं म्हणणं बरोबरच असायचं. आम्ही त्याचं 'काही नाही' करून टाकलं, हा दोष आमचा.

मग डॉक्टर काय करायचे? हातानं तपासायचे. १९२७ साली जर्मनीत आयखहॉफ यांनी एक पद्धत सांगितली: अंगठा मुठीत धरायचा आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवायची. १९३० साली न्यूयॉर्कचे हॅरी फिंकेलस्टाइन यांनी थोडी वेगळी पद्धत लिहिली. तीत तपासणारा रुग्णाचा अंगठा धरतो आणि हात झटकन करंगळीच्या बाजूला ओढतो. गंमत अशी की आज बहुतेक जण मूठ वळवून आयखहॉफची परीक्षा करतात आणि तिला नाव फिंकेलस्टाइनचं देतात. घरी करून पाहणार असाल तर एक सांगतो, ही मुठीची परीक्षा जोरात केली तर धडधाकट माणसालाही दुखतं. दुखलं म्हणजे रोग आहेच, असं नाही.

पाण्यातला प्रतिध्वनी

आता माझ्या प्रांतात येतो. इथून पुढची गोष्ट लहरींची आहे.

१७९३ च्या सुमारास इटलीतल्या पाविया इथे लाझारो स्पालान्झानी यांनी पाहिलं की आंधळी केलेली वटवाघळं अंधाऱ्या खोलीत व्यवस्थित उडतात. जिनिव्हाच्या लुई ज्युरिन यांनी त्यांचे कान बुजवले, तेव्हा ती आपटू लागली. वटवाघूळ कानांनी पाहतं, हे म्हणणं लोकांना हास्यास्पद वाटलं. ते सिद्ध व्हायला १९३८ साल उजाडलं. तेव्हा अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पिअर्स यांनी यंत्रानं वटवाघळांचा तो आवाज पकडला. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकू येतं. त्याच्या वरचा तो आवाज. त्यालाच अल्ट्रासाऊंड म्हणतात.

असा आवाज तयार कसा करायचा? १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्‌झसारखा स्फटिक दाबला तर त्यावर वीज उमटते. वीज दिली तर तो आकुंचन-प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झालं. म्हणजे एकच स्फटिक बोलतोही आणि ऐकतोही. आमच्या भाषेत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच डब्यात.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची जहाजं बुडवायला सुरुवात केली. पिएर क्युरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झ वापरून पाण्यात उच्च कंपनांचा आवाज सोडला आणि १९१८ मध्ये पाणबुडीवरून आलेला प्रतिध्वनी ऐकला. त्यांच्या प्रयोगात आवाजाच्या झोतात आलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातला तर तो दुखू लागायचा. अल्ट्रासाऊंड आणि माणसाचा हात यांची पहिली भेट अशी वेदनेतून झाली. निदानासाठी आज वापरतात ती शक्ती त्यामानानं अगदी सौम्य असते.

यातून सोनार आलं. आपल्या नौदलाची 'खुक्री' ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मी तेव्हा शाळेत होतो. पाण्याखालचं न दिसणारं वेळेत ऐकू आलं नाही तर काय होतं, याचा आपल्या देशानं भोगलेला तो धडा आहे.

बॉयलरच्या कारखान्यात गाठी

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हेच तंत्र पोलादातल्या भेगा शोधायला वापरात आलं. आवाज सोडायचा, आत भेग असेल तर प्रतिध्वनी ठरल्या वेळेआधी परत येतो. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये मेंदू पाहण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. पण कवटीच आवाज अडवते, त्यामुळे त्यांची चित्रं फसवी निघाली. याच डुसिक यांनी पुढे अमेरिकेत सांध्याभोवतीच्या ऊतींतून अल्ट्रासाऊंड कसा जातो, याची मोजमापं १९५८ मध्ये छापली. डोक्यात फसलेला माणूस सांध्यांकडे वळला, आणि आपल्या मनगटाच्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड त्यानं रोवला.

त्याच वर्षी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. डोनाल्ड युद्धात रॉयल एअर फोर्सचे डॉक्टर होते, तिथे त्यांना रडार आणि सोनारची ओळख झाली. १९५५ च्या जुलै महिन्यात ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून एका बॉयलर कंपनीत गेले आणि तिथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली त्या धरल्या. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरनं त्यांना यंत्र बांधून दिलं. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे, असं निदान झालं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रानं ती अंडाशयाची पाण्याची गाठ असल्याचं दाखवलं. गाठ काढली, बाई वाचली.

सांध्यांच्या बाबतीत पुढचं पाऊल १९७२ चं. मॅकडोनल्ड आणि लिओपोल्ड यांनी गुडघ्यामागची द्रवाची गाठ आणि शिरेत झालेली गुठळी यांतला फरक अल्ट्रासाऊंडनं ओळखून दाखवला. पण मनगट अजून दूर होतं, आणि त्याचं कारण कुठलाही सिग्नलवाला सांगेल: तरंगलांबी. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगानं जातो. पोटासाठी तीन ते पाच मेगाहर्ट्‌झ वापरतात. ती लहर खोल जाते, पण बारकावा कमी दाखवते. पंधरा मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी जेमतेम एक दशांश मिलिमीटर होते. ती खोल जात नाही, पण मनगटात खोल जायचंच नसतं, सगळं कातडीखालीच आहे. अशा उच्च कंपनांचे चांगले प्रोब हाताशी आल्यावर, म्हणजे १९८० च्या दशकापासून, टेंडनचं चित्र वाचण्याजोगं होऊ लागलं. १९९० च्या दशकात पॉवर डॉप्लर आलं आणि दुखऱ्या जागी वाढलेला रक्तपुरवठा रंगात दिसू लागला.

पडद्यावर काय दिसलं

चार वर्षांपूर्वी आमची मुलगी हैदराबादला बाळंत झाली. आम्ही महूला राहतो. ही सहा महिने तिकडे राहिली. नातीला दोन्ही काखांत हात घालून, अंगठे ताणून दिवसातून पन्नास वेळा उचलणं चाललेलं. परत आली तेव्हा डाव्या हातात चहाचा कप धरवेना. मी म्हणालो, "वय झालं आता. थोडा व्यायाम कर." एक्स-रे काढला. हाडात काही नव्हतं. मी म्हणालो, "बघ, काहीच नाही." ती एवढंच म्हणाली, "अहो, दुखतंय ते मला. एक्स-रेला नाही."

त्या वाक्यानं मी गप्प झालो. काहीतरी आठवू पाहत होतं, पण आठवलं नाही.

इंदूरला एका रेडिओलॉजिस्ट बाईंकडे गेलो. मी लष्करी सिग्नल्सचा म्हटल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. जेल लावलं, कारण प्रोब आणि कातडी यांमध्ये हवेचा थर राहिला तर आवाज तिथूनच परत फिरतो. निरोगी कंडरा लांबीच्या बाजूनं पाहिली की बारीक समांतर रेघांसारखी दिसते, सुताची लडी ताणून धरावी तशी. बाईंनी प्रोब किंचित कलता केला आणि ती लडी एकदम काळी पडली. मी दचकलो. त्या हसून म्हणाल्या, "फाटली नाही काका. आवाज सरळ पडला नाही, म्हणून परत आला नाही. नवखा माणूस इथेच फसतो." अँटेनाची दिशा चुकली की संच मुका होतो, हे मी आयुष्यभर जवानांना शिकवलं होतं.

मग त्यांनी दुखऱ्या जागेवर प्रोब आणला. दोन गोल कंडरा, भोवती द्रवाचं काळं कडं, आणि वरचा पट्टा दुसऱ्या हाताच्या तुलनेत स्पष्ट जाड. डॉप्लर लावलं तर पट्ट्यात रंगाचे ठिपके. "अंगठा हलवा," म्हणाल्या, आणि कंडरा म्यानात अडखळत सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. शेवटी त्यांनी एक पातळ पडदा दाखवला. बऱ्याच लोकांत या बोगद्याचे आतून दोन कप्पे असतात. सुई एकाच कप्प्यात गेली तर दुसऱ्यातलं दुखणं तसंच राहतं. अंदाजानं दिलेली इंजेक्शनं फुकट जाण्याचं हे एक मोठं कारण.

इंजेक्शनाचाही इतिहास आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं, १९५० मध्ये त्यांना केंडॉल आणि राइखश्टाइन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे कंडरेच्या म्यानातही अशी इंजेक्शनं दिली जाऊ लागली. पण कित्येक वर्षं सुई आंधळीच होती. औषध म्यानात जायला हवं, कंडरेत नको. कातडीलगत सांडलं तर तिथला रंग उडतो, चरबी झिजून खळगा पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. आता सुई पडद्यावर चमकत्या रेघेसारखी दिसते आणि औषध कडं भरत जाताना दिसतं. हिच्या दोन्ही कप्प्यांत औषध दिलं, अंगठ्यासकट मनगटाला पट्टी बांधली आणि नातीला उचलायची पद्धत बदलायला सांगितली: तळहात वर, भार कोपरावर. दीड महिन्यात कप हातात आला.

सगळ्यांना इंजेक्शन लागतंच असं नाही. पुष्कळांना विश्रांती, पट्टी आणि कामातला बदल पुरतो. काहींना शेवटी द कर्वेनचाच मार्ग, म्हणजे पट्टा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया, घ्यावा लागतो. तिथून अंगठ्याच्या पाठीची संवेदना नेणारी नस जाते, तिला जपावं लागतं. आणि फिजिओथेरपीत शेक दिल्यासारखा जो 'अल्ट्रासाऊंड' देतात, तो निराळा. तो उपचार म्हणून देतात, त्यात चित्र दिसत नाही. दोन्हींची गल्लत करू नका. मनगटाला जखम होऊन ते लाल, गरम झालं आणि ताप आला, तर यातलं काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

यंत्राची दुसरी बाजू

या यंत्राचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. पोटातली गाठ दाखवून एका बाईला वाचवणाऱ्या याच तंत्रानं आपल्या देशात पोटातल्या मुली शोधून काढल्या. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४५ होत्या, २००१ मध्ये ९२७. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणून गर्भाचं लिंग कळू शकेल असं यंत्र मनगटासाठी वापरलं तरी त्याची नोंदणी लागते. कोणी याला कटकट म्हणतो. मी म्हणत नाही. शस्त्रागारातल्या प्रत्येक बंदुकीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्याचं कारण समजतं. १९८८ हे साल मात्र मला दोन कारणांनी टोचतं. ज्या वर्षी महाराष्ट्र या यंत्राला आवर घालत होता, त्याच वर्षी मी एका मनगटावर अविश्वास दाखवला.

शेवटची गोष्ट

इंदूरहून परतताना गाडीत तो लाइनमन आठवला. त्याला हाच आजार होता असं मी आज ठामपणे म्हणू शकत नाही, कोणीच म्हणू शकणार नाही. पण त्याला काहीतरी होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. चांगलं काम करणारा माणूस एकाच जागेवर बोट ठेवून तीनदा तेच सांगत होता.

पलटणीच्या जुन्या लोकांकडून त्याचा नंबर मिळाला. नायक होऊन तो निवृत्त झाला होता, गावी शेती करत होता. मी नाव सांगितलं तर ओळखलं. मी माफी मागितली, अडखळत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, लाइनचं काम सुटलं तसा हात बरा झाला. दोन-तीन वर्षं लागली. त्याचं काही नाही. पण तुम्ही कंपनीपुढं उभं केलंत ना, ते बरं व्हायला लई दिवस गेले."

मी काय बोलणार होतो? त्यानंच विषय बदलला. बाईसाहेबांचा हात कसा आहे, विचारलं. बरा आहे म्हटल्यावर म्हणाला, "बरं झालं, मशीन निघालं ते."

मंडळी, मशीन निघालं हे खरंच बरं झालं. पण रामाझिनीकडे १७०० साली कुठलंच मशीन नव्हतं. रोग्याला त्याचा धंदा विचारायचा आणि तो सांगेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्याच्याकडे होतं. तेवढं माझ्याकडेही होतं, मी ते वापरलं नाही. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशी मनगट धरून बसल्या असतील, तान्ह्या बाळाची आई अंगठा चोळत असेल, दुकानातला पोरगा हात झटकत असेल, तर 'एक्स-रेत काय आलं' हे नंतर विचारा. आधी कुठे दुखतं आणि दिवसभर काय काम करता, ते विचारा.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या रणांगणावर भेटू.

जय हिंद.